दाराकडे तोंड केलेल्या चपला

खोलीत सहा खाटा होत्या. पाचांवर माणसं, एक रिकामी. प्रत्येक खाटेला दोन असे पडदे बारा, फिकट निळे, इतक्या वेळा धुतलेले की निळा रंग आता फक्त घड्यांच्या आत उरला होता. खिडक्या दोन, दोन्हींना दुधी काच. दार एक. आणि खाटांजवळ जमिनीवर पायताणांचे पाच जोड : दोन चपलांचे, दोन सँडलचे आणि एक नाडीच्या काळ्या बुटांचा. तीन जोडांची तोंडं खाटेकडे होती, दोन जोडांची दाराकडे.

हे सगळं मोजणारी मुलगी दारात उभी होती. वय सव्वीस, काम इमारतींच्या मजबुतीची गणितं करणाऱ्या एका छोट्या कचेरीत. घरी तिला टेप म्हणत. सहाव्या वाढदिवसाला तिने बाहुली नको म्हणून वडिलांच्या हत्यारांच्या पेटीतला मोजायचा टेप मागून घेतला होता, आणि पहिल्यांदा मोजली ती मावशीची कंबर, तीही चारचौघांत, आकडा मोठ्याने सांगून. मावशी पुढे कितीतरी दिवस त्या घराची पायरी चढली नाही. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच, तेव्हा आपणही तिला टेपच म्हणू.

ही खोली म्हणजे पोटाच्या तपासणी केंद्राचा वरचा मजला. माणूस सकाळी उपाशीपोटी येई. त्याला गुंगीचं इंजेक्शन देत, दुर्बीण घालून पोट आतून बघत आणि मग चाकांच्या खाटेवरून ह्या खोलीत आणून ठेवत. इथे तो सावकाश वर येई, शुद्धीत. दुपारी, फार तर संध्याकाळी, घरी. रात्रीच्या मुक्कामाला कोणी नसे. खालच्या मजल्यावर पूर्वी फर्निचरचं दुकान होतं. आता तिथे नोंदणीचं टेबल आणि बसायचे बाक होते, पण पॉलिशचा वास अजून गेला नव्हता, आणि वाट बघणारे नातेवाईक बाकावर बसण्याआधी उगाच तो हाताने चाचपून बघत, विकत घ्यायचा असल्यासारखा.

नव्या बांधकाम नियमावलीप्रमाणे शहरातल्या प्रत्येक दवाखान्याचा जोखीमवर्ग ठरवून घ्यायचा होता, आणि हे केंद्र टेपच्या वाट्याला आलं होतं. मोठ्या इस्पितळांचं सोपं असतं, तिथे विचारावंच लागत नाही. अडतं ते अशा मधल्या ठिकाणी. दवाखाना तर आहे, पण रात्री कोणी राहत नाही. ऑफिससारखं आहे, पण ऑफिसात माणसं अशी झोपत नाहीत. निदान उघडउघड तरी नाही. अशा जागेसाठी नियमावलीत एकच प्रश्न होता : भूकंपात इमारत हलू लागली तर स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकणार नाहीत अशी माणसं एका वेळी जास्तीत जास्त किती असतात? तीन किंवा कमी, तर दुसरा वर्ग. चार किंवा जास्त, तर तिसरा.

इमारतीचं गणित टेपने आधीच करून ठेवलं होतं. दुसऱ्या वर्गाला खांब पुरत होते. काठावर, पण पुरत होते. तिसऱ्याला नाही.

केंद्र ज्यांचं होतं त्या डॉक्टरीणबाई उंच होत्या आणि कायम घाईत. जिन्यात उभ्या उभ्याच त्यांनी टेपला सांगून टाकलं, "हे बघा, तीन असतील तर आम्ही आहोत. चार असतील तर आम्ही नाही. खांब जाड करायचे, भिंती घालायच्या, म्हणजे वरचा मजला वर्षभर बंद. वर्षभर बंद राहून पुन्हा उघडलेलं केंद्र मी तरी पाहिलेलं नाही. माझं काय, मी कुठेही जाऊन दुर्बीण घालीन. पण वर सिस्टर आहेत, त्यांना विचारा त्या कुठे जातील."

सिस्टर म्हणजे त्या सहा खाटांच्या मालकीणच म्हणा ना. पन्नाशी उलटलेली, बुटकी, गोल बाई. चालताना आवाज होऊ नये म्हणून रबरी तळाचे बूट घालायची, आणि तरी गुडघे वाजायचेच. इथे येण्याआधी तिने पंधरा वर्षं मोठ्या इस्पितळात रात्रपाळी केली होती.

"पंधरा वर्षं मी उजेडात झोपले," तिने पहिल्याच भेटीत टेपला सांगितलं. "इथे आले आणि पहिल्यांदा अंधारात झोपले. इंजिनीअरबाई, ती झोपच वेगळी असते हो. अंगावर कोणीतरी पांघरूण घातल्यासारखी. आता तुमचा आकडा चुकला की मी पुन्हा उजेडात."

"माझा आकडा चुकत नाही," टेप म्हणाली.

"मग तर बरंच आहे," सिस्टर म्हणाली आणि हसली.

"ह्यांतले आत्ता कोण कोण चालू शकतं, ते मला कसं कळेल?"

"चपला बघा की. माणूस आणला की चपलांचं तोंड खाटेकडे. जायच्या वाटेला लागला की मी त्या दाराकडे फिरवते. पहिल्यापासूनची सवय आहे माझी."

टेपला हे फार आवडलं. पडदे न उघडता, कोणाला न उठवता, दारातून एका नजरेत आकडा मिळत होता. खाटेकडे तोंड : मोजायचं. दाराकडे तोंड : सोडून द्यायचं. त्या दिवशीचा आकडा तीन आला.

घरी जेवताना तिने हे सांगितलं. बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते, आता निवृत्त. अजूनही कुठल्याही लिफ्टचं दार उघडलं की आत पाय टाकण्याआधी ते खाली बघत, लिफ्ट खरंच आली आहे ना म्हणून. बाहेरचा दिवा लागला, घंटा वाजली, तरी बघत. लोक मागे खोळंबत, पण बाबा काही ऐकत नसत.

"वर्ग म्हणजे काय ग? इमारत किती कच्ची आहे त्याचे वर्ग?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. पडली तर किती वाईट होईल, त्याचे."

"पडली तर वाईटच की."

"हो, पण किती. पहिला वर्ग म्हणजे गोदाम वगैरे, जिथे माणूस क्वचित असतो. दुसरा म्हणजे घरं, दुकानं. तिसरा म्हणजे शाळा, किंवा जिथे स्वतःहून पळता न येणारी माणसं असतात. चौथा म्हणजे मोठी इस्पितळं, अग्निशामक केंद्र. सगळं गाव आडवं झालं तरी त्यांनी उभं राहायलाच हवं."

"म्हणजे तुझी मावशी चौथ्या वर्गातली," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही पहिल्या," आई ताट उचलता उचलता म्हणाली. "माणूस क्वचित असतो."

आईचं म्हणणं अगदीच काही खोटं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून ते घरात असूनही कुठेतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखे असत. त्यात गेले काही महिने पोटात डाव्या अंगाला दुखत होतं, आणि हे मात्र ते कोणालाच सांगत नव्हते. आईने ते त्यांच्या बसण्यावरून ओळखलं होतं.

पुढच्या आठवड्यात टेप त्या खोलीत पुन्हा पुन्हा गेली. सकाळी गेली, भर दुपारी गेली, गर्दीच्या दिवशी गेली. कधी दोन, कधी एक, कधी तीन. तीनच्या वर आकडा एकदाही गेला नाही. खरं तर एवढ्या खेपांची गरज नव्हती. पण तिला तिथे बसायला आवडू लागलं होतं.

त्या खोलीत वेळ सरळ चालत नसे. दुधी काचेतून येणारा उजेड कुठूनच येत नसल्यासारखा सगळीकडे सारखा पसरलेला असे, सावली अशी कशालाच नसे. पडदे श्वास घेतल्यासारखे आत-बाहेर होत. आणि पडद्यांमागून, कुठल्या तरी खोल पाण्यातून वर येणारी माणसं बोलत.

"समुद्र आवरून ठेवला का?" एक बाई एकदम स्पष्ट आवाजात विचारी.

"ठेवला हो, घडी करून. वरच्या कप्प्यात आहे," सिस्टर उत्तर देई.

"मी कोणाच्या लग्नाला आलोय?" पलीकडून एक पुरुषी आवाज.

"तुमच्याच. जेवणं झाली, आता घरी जायचं."

"मुलगी कशी आहे?"

"तुम्हाला जरा जास्तच चांगली आहे. खाली बाकावर वाट बघतेय."

टेप हसू दाबत असे. एकदा तिने न राहवून विचारलं, "सिस्टर, तुम्ही त्यांना असं काहीही कसं सांगता?"

"काहीही कुठे? त्यांना जे दिसतंय तेच सांगते. जागं होताना कोणी वाद घातला ना, तर माणूस घाबरतो. नळ्या ओढतो, उठून पळायला बघतो, धडपडतो. हो म्हटलं की शांतपणे वर येतो." मग ती खाली वाकली, गुडघा कटकन वाजला, आणि तिने लग्नघरच्या नवऱ्याचे बूट दाराकडे फिरवले. टेपने मनातल्या मनात एक वजा केला.

बाहेरून एखादा अवजड ट्रक गेला की खोलीला बारीक कंप येई. पाण्याच्या पेल्यांत वर्तुळं उठत आणि विरत. झोपलेल्यांपैकी कोणाची पापणी हलत नसे. टेप त्या वर्तुळांकडे बघत राही. खांब पुरतात, ती स्वतःला सांगे, काठावर पण पुरतात. मग वर्तुळं विरून जात आणि तीही पुन्हा त्या दुधी उजेडात बुडून जाई.

अहवाल लिहून झाला. दुसरा वर्ग. फक्त कचेरीतल्या साहेबांची सही राहिली होती. आणि त्याच आठवड्यात आईने बाबांना धरून डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी सांगितली, आणि बाबांनी जाहीर केलं की दुर्बीण घालून घ्यायचीच तर ते टेपच्या केंद्रातच घालून घेतील, दुसरीकडे जाणार नाहीत.

"अहो, ते माझं केंद्र नाही. मी तिथे फक्त मोजायला जाते."

"मग मला मोज."

टेपने साहेबांना विचारलं, हे चालेल का म्हणून. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "पोट वडिलांचं, इमारत मालकाची. यात तुझं काय? जा."

ठरल्या सकाळी आईने दोघांना दारात उभं करून सूचना दिल्या. बाबांना : गप्प पडून राहा, डॉक्टरांना लिफ्टच्या गोष्टी सांगू नका. टेपला : त्यांचा हात धर, मोजत बसू नकोस. केंद्रावर पोचल्यावर वर जाणाऱ्या लिफ्टचं दार उघडलं आणि बाबा थांबले. खाली बघितलं. मग आत गेले.

"चार मिलिमीटर खाली थांबते," ते म्हणाले. "सांग त्यांना."

गुंगीचं इंजेक्शन देताना त्यांनी टेपकडे बघून डोळे मिचकावले. अर्धेच मिचकावले, उरलेले तसेच मिटले.

डॉक्टरीणबाईंनी थोड्या वेळाने बाहेर येऊन सांगितलं, काळजीचं काही नाही, आतड्यात एक छोटा मांसाचा कोंब, पॉलिप म्हणतात तो, होता, काढून टाकला. टेपचा जीव भांड्यात पडला. ती निळ्या पडद्यांच्या खोलीत गेली आणि आज पहिल्यांदाच दारात उभी न राहता आत, स्टुलावर, एका खाटेच्या उशाशी बसली. खिडकीजवळची खाट. खाली तपकिरी चपला, डावीचा अंगठा बाबांनी स्वतः लिफ्टच्या बारीक तारेने शिवलेला. चपलांची तोंडं खाटेकडे.

तिने बाबांचा हात धरला. तो कोमट होता आणि जड, दुसऱ्या कोणाचा तरी तिच्याकडे ठेवायला दिल्यासारखा. आज खोली नेहमीपेक्षाही जास्त तरंगत होती. पलीकडे कोणीतरी गुणगुणत होतं. कोणीतरी एका कुत्र्याला हाका मारत होतं, लाडाने, अगदी हळू.

सिस्टर आली. बाबांच्या कपाळावर हात ठेवला. "काका, ऐकू येतंय ना?"

"येतंय," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"कुठे आहात?"

"दवाखान्यात."

"काय केलं आज?"

"दुर्बीण घातली. काढली का पण?"

"काढली हो, धुऊन पुसून ठेवली," सिस्टर म्हणाली. "झालं, आता घरी." ती वाकली. गुडघा वाजला. तपकिरी चपलांची तोंडं दाराकडे झाली.

टेपच्या मनाने आपोआप एक वजा केला. सवयच लागली होती.

"बाबा, उठायचं?"

"उठलो की."

ते होते तसेच पडून होते. टेप हसली. "कुठे उठलात?"

"हा काय, दारात उभा आहे. तूच बसून राहिलीस."

"तुम्ही खाटेवर आहात बाबा."

"नाही ग. दार धरून ठेवलंय तुझ्यासाठी. ये लवकर, लोक खोळंबलेत." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, एकही शब्द अडखळत नव्हता. "लिफ्ट जरा खाली थांबलीय, पाय जपून टाक."

"बाबा, पाय उचला बघू."

"उचलला."

टेप चादरीकडे बघत होती. प्रयोगशाळेत काट्याकडे बघावं तशी. चादरीची एक चुणीसुद्धा हलली नाही.

"दुसरा?"

"दुसरापण उचलला. चाललोय ना मी, दिसत नाही का तुला?"

चादर तशीच. खाली जमिनीवर तपकिरी चपला दाराकडे तोंड करून उभ्या होत्या, निघायला अगदी तयार, आणि त्यांच्यावर हातभर उंचीवर बाबा, उत्तरं बरोबर देत, खाटेवर निपचित.

टेपने हात सोडला आणि उठली. पाच माणसं, पाच जोड. नुकत्याच आणलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या सँडल खाटेकडे. उरलेले चार जोड दाराकडे. तिच्या पद्धतीने आजचा आकडा एक येत होता. तिला त्या सगळ्या दुपारी आठवल्या, वजा केलेला एकेक माणूस आठवला, लग्नघरचा नवरा आठवला. पायाखालची फरशी चार मिलिमीटर खाली गेल्यासारखं वाटलं.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "तुम्ही चपला नेमक्या कधी फिरवता?"

"सांगितलं की. जायच्या वाटेला लागला की."

"म्हणजे चालायला लागला की?"

"चालायला कसला लागतोय एवढ्यात? बोलायला लागला की." सिस्टर टॉवेलांच्या घड्या घालत होती. "डोळा उघडला आणि आपल्या चपला दाराकडे बघून ठेवलेल्या दिसल्या ना, की माणसाला बरं वाटतं. आपण घरी जाणार आहोत हे त्याला आधी चपलांवरून कळतं. मग पाय येतात. अर्ध्या तासाने, तासाने. ज्याचे त्याचे."

"मला वाटलं, त्या फिरवल्या म्हणजे माणूस चालू शकतो."

सिस्टरचे हात घडीवर थांबले. तिने टेपकडे बघितलं, मग खोलीभर बघितलं, आणि टेपला दिसलं की आकडा तिच्याही डोक्यात फिरू लागला आहे.

"मी कधी तसं म्हटलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही. तुम्ही नव्हतं म्हटलं. मीच तसं धरून चालले."

"पण काय बिघडलं? मी असतेच की इथे. इतक्या वर्षांत एकाला पडू दिलेलं नाही मी. माझ्या हातांत उठतात ते."

"एका वेळी किती जणांना उठवाल सिस्टर?"

"एकाला," सिस्टर म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "बारीक असला तर दोघांना."

खालच्या रस्त्यावरून काहीतरी अवजड गेलं. पेल्यांमध्ये वर्तुळं उठली. खोलीत दोघींनीच तिकडे बघितलं. वर्तुळं विरेपर्यंत दोघी बघत राहिल्या. कुत्र्याला हाका मारणारा आवाज म्हणाला, "ये रे, ये, घाबरू नको."

"अहवाल गेला का तुमचा?" सिस्टरने विचारलं.

"सही व्हायची आहे."

"म्हणजे तुम्ही काही बोलला नाहीत तर मी इथेच राहते."

टेपला माहीत होतं की पुन्हा मोजावं लागणार, आणि हेही माहीत होतं की ह्या बाईच्या समोर, ह्याच बाईच्या खोलीत, एकेका माणसाला उठायला सांगत फिरणं तिला जमणार नाही. तिकडे बाबा कोणाला तरी समजावत होते की दार बंद करू नका, माझी मुलगी यायची आहे.

सिस्टरने टॉवेल खाली ठेवला. कपड्यांना हात पुसले, ते ओले नव्हते तरी. मग दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक घट्ट अडकवले आणि पहिल्या खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.

"उठा बघू," ती तिथल्या काळ्या बुटांवाल्या गृहस्थाला म्हणाली. "मी धरणार नाही आज."

"हो हो, निघालोच," तो गृहस्थ म्हणाला. डोकं उशीवरून थोडं वर आलं, मान डुगडुगली, आणि ते पुन्हा उशीत गेलं. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान होतं. सिस्टरचे पाठीमागचे हात एकदा सुटून पुढे आले, पण तिने ते परत मागे नेले.

दुसऱ्या खाटेवरच्या बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," आणि कूस बदलली. तिसऱ्या खाटेवरचा, कुत्रा शोधणारा, तरुण होता. तो उठून बसला, पाय खाली सोडले, पावलांनी चपला चाचपल्या, एका चपलेत बोटंही घातली. टेपने श्वास रोखून धरला. तिला कळेना, त्याने उभं राहावं असं आपल्याला वाटतंय की नाही. तो बसल्या बसल्या पुढे झुकला, कपाळ गुडघ्यांवर टेकलं आणि तसाच झोपला. सिस्टरने आता मात्र हात सोडले. त्याला खांद्याला धरून अलगद आडवं केलं, पाय वर उचलून ठेवले, चादर ओढली. मग पुन्हा हात मागे.

खिडकीजवळ ती सगळ्यांत शेवटी आली. "काका, उठता का?"

"मी कधीचा दारात उभा आहे," बाबा जरा रागावूनच म्हणाले. "टेप कुठेय?"

"ही काय मी, बाबा. येते."

"खाली बघून ये."

"बघते."

सिस्टर थोडा वेळ तिथेच उभी राहिली. तिने टेपकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं, जिथून बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त उजेड होता, दुपारचा, पांढरा, झोप न येऊ देणारा. मग ती वाकली. गुडघा वाजला. तिने तपकिरी चपला उचलल्या आणि त्यांची तोंडं खाटेकडे करून ठेवल्या. तिथून तरुणाकडे गेली. वाकली. मग गोड आवाजाच्या बाईंकडे. मग काळ्या बुटांकडे, त्यांच्या नाड्या बाहेर लोंबत होत्या त्या आत सरकवल्या. म्हाताऱ्या बाईंच्या सँडल खाटेकडे होत्याच, त्या तिने फक्त नीट जोडून ठेवल्या.

"मोजा आता," ती म्हणाली.

टेप दारात जाऊन उभी राहिली, पहिल्या दिवशी उभी होती तिथेच. खाटा सहा, एक रिकामी. पडदे बारा. दार एक.

त्या संध्याकाळी बाबा घरी स्वतःच्या पायांनी जिना चढले आणि आपण मुळात झोपलोच नव्हतो, सगळं ऐकत होतो, असं आईला सांगत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेपने साहेबांच्या टेबलावरून अहवाल परत घेतला आणि एक ओळ बदलली.

प्रत्यक्ष पाहणीत, एका वेळी, स्वतःहून बाहेर पडू न शकणारी माणसं, जास्तीत जास्त : पाच. जोखीमवर्ग : तिसरा.